३० सप्टेंबरला मोजलेली मुलं



मागच्या महिन्यात मंगळवेढ्याहून एका ज्युनिअरचा फोन आला. एमएस्सी स्टॅटिस्टिक्स झालंय, सेट पास आहे, आता पीएचडीच्या मुलाखतीसाठी प्रपोजल लिहितेय. विषय आहे ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांचं शिक्षण. तिचे दोन प्रश्न होते. पहिला असा : "दादा, संकटकाळातलं शिक्षण आणि निर्वासित मुलांचं शिक्षण हा संशोधनाचा मोठा विषय झालाय म्हणे, त्याला वेगळा निधी पण असतो. आपलं त्यात बसतं का?" आणि दुसरा : "मुलं जिथं जातात तिथं मागोमाग जाऊन चाचणी घ्यायची, म्हणून मी प्रवासखर्चाची एक ओळ बजेटमध्ये टाकली होती. एका सरांनी ती काढायला सांगितलीय. बजेट फुगलेलं दिसतं म्हणाले. काढू का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी फोनवरच दिलं : काढू नकोस. पहिल्याचं उत्तर लांब आहे. पण दोन्ही प्रश्न खरं तर एकच आहेत, हे लिहायला बसल्यावर लक्षात आलं. तुमच्यापैकी जे शिक्षण, आरोग्य किंवा स्थलांतरावर काम करणार आहेत, त्यांनी हे प्रपोजल लिहिण्याआधी वाचावं, नंतर नको.

निधी कशाला मिळतो?

मंगळवेढ्यात संकट म्हटलं की पहिला शब्द दुष्काळ आणि पहिलं नाव दामाजीपंत. दुष्काळात सरकारी धान्याची कोठारं त्यांनी लोकांसाठी उघडली, ही कथा आमच्याकडे लहानपणीच कानावर पडते. मदतीचं आपलं चित्र तेव्हापासून तसंच आहे : आधी धान्य, मग पाणी, मग निवारा, मग औषध. शाळा यादीत खूप खाली येते.

जगातही वेगळं नाही. मानवतावादी मदतीच्या एकूण पैशात शिक्षणाचा वाटा वर्षानुवर्षे दोन-तीन टक्क्यांच्या आसपास राहिलेला आहे. शाळेच्या वयाच्या निर्वासित मुलांपैकी जवळपास निम्मी शाळेबाहेर आहेत, असं संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचे अहवाल सांगतात. २०१६ साली इस्तंबूलच्या जागतिक मानवतावादी परिषदेत 'एज्युकेशन कॅनॉट वेट' नावाचा खास निधी उभा राहिला. त्याच सुमारास दुबई केअर्सने आयएनईई या जागतिक जाळ्याबरोबर 'ई-क्यूब्ड' हा निधी सुरू केला. त्याचा पैसा शाळा बांधायला नाही, तर संकटात कोणता शैक्षणिक उपाय लागू पडतो याचा पुरावा गोळा करायला आहे.

ही चांगली गोष्ट आहे, आणि टीका करायच्या आधी ती मान्य केली पाहिजे. संकटात लोक घाईने निर्णय घेतात. तंबूतली शाळा, टॅब्लेट, रेडिओवरचे धडे, मानसिक आधाराचे वर्ग हे सगळं सद्‌हेतूने सुरू होतं. त्यातलं मुलांना काय उपयोगी पडलं, हे विचारायला कुणीतरी पैसे द्यायलाच हवेत.

माझी तक्रार पुढची आहे. हा पैसा बहुतेकदा उपाय करून पाहायला मिळतो. उपायाच्या मधेच निघून गेलेल्या मुलाला शोधायला तो फारच कमी मिळतो. आणि संकटाची व्याख्याच मुळी अशी आहे की, त्यात माणूस जागेवर राहत नाही.

एक चांगला अभ्यास, आणि तो चांगला का आहे

या क्षेत्रात सगळ्यात जास्त सांगितला जाणारा अभ्यास अफगाणिस्तानातल्या घोर प्रांतातला आहे. डॅना बर्ड आणि ली लिंडन यांनी तो केला, २०१३ साली प्रसिद्ध झाला. ३१ गावं घेतली. काही गावांत आधी गावातच शाळा सुरू केली, बाकीच्यांत नंतर. कुठं आधी हे चिठ्ठी टाकावी तसं यादृच्छिक ठरलं. आधीच्या गावांत मुलींचं शाळेत जाणं ५२ टक्के बिंदूंनी वाढलं, मुलांचं ३५ नी. चाचणीतले मुलींचे गुण ०.६५ प्रमाण विचलनाने वाढले. म्हणजे वर्गातली मधोमध असलेली मुलगी साधारण वरच्या चौथाईच्या उंबऱ्याशी पोचली असं समजा. आणि शाळेचं अंतर जसं वाढेल तसं मुलींचं येणं झपाट्याने घटत होतं.

विद्यार्थी हा अभ्यास वाचतात तेव्हा '०.६५' वर थांबतात. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त शिकवून गेली. त्यांनी मुलं शाळेत मोजली नाहीत, घरी जाऊन मोजली. जी शाळेत जात नव्हती त्यांचीही चाचणी घेतली. त्यामुळे पटावर नाव नसलेलं मूलही हिशेबात आलं.

पण तिथं एक सोय होती. गाव जागेवर होतं आणि मूल बहुतेक गावातच होतं. घरच बंद झालं तर?

आमच्याकडचं बंद घर

मंगळवेढा तालुक्याला दोन तोंडं आहेत. भीमेकाठी ऊस आहे, दक्षिणेच्या गावांना प्यायच्या पाण्याचीही मारामार. सोलापूर जिल्ह्यात राज्यातले सर्वांत जास्त साखर कारखाने आहेत, तालुक्यातही कारखाने आहेत. म्हणजे बीडकडच्या टोळ्या आमच्याकडे येतात, आणि आमच्या, सांगोल्याच्या, जतच्या कोरडवाहू गावांतली माणसं कोयता घेऊन दुसरीकडे जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात धुराडी पेटली की घराला कुलूप लागतं, ते मार्च-एप्रिलपर्यंत.

आता मोजदाद बघा. देशातल्या शाळांची अधिकृत आकडेवारी, म्हणजे यूडायस, वर्षानुवर्षे ३० सप्टेंबर ही तारीख धरून घेतली गेली. त्या दिवशी पटावर किती मुलं आहेत ते लिहायचं. ३० सप्टेंबरला आमच्या गावातली मुलं शाळेतच असतात. पटावर नाव असतं, आणि बहुतेक वेळा मूलही बाकावर असतं. महिन्याभराने ते दीडशे-दोनशे किलोमीटरवर एखाद्या कोपीत असतं, धाकट्या भावंडाला सांभाळत.

तिकडे कारखाना काय मोजतो? कोयता. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा असेल तर अर्धा कोयता. मुलाला त्या मोजमापात जागाच नाही. म्हणजे एका यादीने मूल जाण्याआधी मोजलं, दुसरी यादी त्याला मोजतच नाही. दोन्ही याद्या आपापल्या परीने बरोबर आहेत, आणि मूल दोन्हींच्या मधल्या फटीत आहे.

निर्वासितांच्या छावणीशी तुलना करून बघा. आपल्याकडे कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यात मुलं खूप होती आणि छावणीत त्यांच्या भाषेतल्या शाळा चालत. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना पुण्याजवळ वाघोलीला नेऊन शिकवलं. संकटं मोठी होती, पण मुलं एका जागी होती. छावणीला फाटक असतं, वसतिगृहाला हजेरीपट असतो. संशोधकाला तिथं काम करता येतं.

आज जगातले बहुसंख्य निर्वासित छावणीत राहत नाहीत. शहरांत, भाड्याच्या खोल्यांत, बांधकामांवर पांगलेले आहेत. म्हणून ऊसतोडीचा प्रश्न हा काही जगाच्या कोपऱ्यातला नाही. फाटक नसलेल्या संकटाचा अभ्यास कसा करायचा, हा प्रश्न बैरूतच्या आणि मंगळवेढ्याच्या संशोधकाला सारखाच पडणार आहे.

माझी स्वतःची चूक

हे मला पुस्तकातून कळलं नाही. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी तालुक्यातल्या एका शाळेत छोटी पथदर्शी चाचणी केली होती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गणिताची चाचणी, मग काही आठवडे सरावाचे खेळ, फेब्रुवारीत पुन्हा चाचणी. दुसऱ्या वेळी जी मुलं नव्हती त्यांच्यापुढे 'अनुपस्थित' लिहिलं आणि सॉफ्टवेअरमध्ये त्या ओळी गाळल्या. सरासरी छान वाढली होती. सेमिनारमध्ये कौतुकही झालं.

मग मी ते आकडे शाळेतल्या गुरुजींना दाखवले. त्यांनी कागद दोन मिनिटं बघितला आणि म्हणाले, "कच्ची पोरं तर गेली की फडावर. ऱ्हायली ती जरा बऱ्या घरची. सरासरी वाढंल न्हाय तर काय?"

दोन वर्षं एमएस्सीत सांख्यिकी शिकून मला जे दिसलं नाही, ते त्यांनी हजेरीवरून ओळखलं होतं. त्यांचं वाक्य आता आकड्यांत मांडतो. आकडे माझे नाहीत, फक्त समजण्यासाठी घेतलेत.

समजा वर्गात ४० मुलं आहेत, चाचणी २० गुणांची. त्यातली २८ मुलं गावात राहणार, त्यांची सरासरी १२. बाकीची १२ फडावर जाणार, त्यांची सरासरी ६. ऑक्टोबरात वर्गाची सरासरी येते १०.२. आता समजा की फेब्रुवारीपर्यंत कुणीही काहीही शिकलं नाही. दुसरी चाचणी फक्त २८ मुलांची झाली, सरासरी आली १२. म्हणजे १.८ गुणांची 'वाढ'. कुणी एक अक्षर न शिकता जवळपास १८ टक्के प्रगती!

तुलनेसाठी दुसरं गाव घेतलं तर ही अडचण जाईल, असं तुम्ही म्हणाल. उलट ती वाढते. समजा एका गावात हंगामी वसतिगृह सुरू केलं आणि ते खरंच चाललं. सगळी ४० मुलं गावात राहिली, आणि प्रत्येकाचा एक-एक गुण वाढला. सरासरी झाली ११.२. शेजारच्या गावात वसतिगृह नाही, १२ मुलं गेली, राहिलेली २८ काहीच शिकली नाहीत. तिथली सरासरी १२. आता ज्याने फक्त हजर मुलं मोजली, त्याचा निष्कर्ष काय येईल? वसतिगृहामुळे गुण घटले! उपाय जितका यशस्वी, तितका तो कागदावर नापास. आणि पुढच्या वर्षी निधी देणारा हाच कागद वाचणार आहे.

म्हणून मी म्हणतो की, हरवलेलं मूल ही विश्लेषणातली किरकोळ अडचण नव्हे. संकटातल्या शिक्षणाच्या अभ्यासात तोच मुख्य निष्कर्ष असतो. त्याला 'अनुपस्थित' लिहून गाळणं म्हणजे निष्कर्षच गाळणं.

जो प्रश्न पैसे देऊन विचारायला हवा होता

याची किंमत आपण महाराष्ट्रात मोजली आहे. या शतकाच्या सुरुवातीला कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालत. जनार्थसारख्या संस्थांनी ते काम उभं केलं. विचार असा होता की मूल जिथं जाईल तिथं शाळा न्यायची. नंतर शिक्षण हक्क कायदा आला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. जोर हळूहळू दुसरीकडे सरकला : मूल जवळच्या नियमित शाळेत जावं, किंवा आई-बाप गेले तरी त्याने गावातच हंगामी वसतिगृहात राहावं. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकही आलं. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आली.

दोन्ही बाजूंना वजन आहे. साखरशाळेत मूल आई-बापाजवळ राहतं, पण शाळा तात्पुरती, शिक्षक तात्पुरते. वसतिगृहात शाळा पक्की राहते, पण सहा-सात वर्षांचं लेकरू सहा महिने आईशिवाय राहतं. मोठ्या मुलीला आई-बाप मागे ठेवतील का, हा वेगळाच प्रश्न. कोणत्या वयाला काय चांगलं, हे अंदाजाने सांगता येत नाही. तेच मूल दोन-तीन हंगाम, गावात आणि फडावर, दोन्हीकडे जाऊन बघावं लागतं. धोरण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलं ते कायद्याच्या तर्काने. मुलांच्या शिकण्याच्या पुराव्याने नाही. संशोधनाला निधी द्यायचा तो याच वळणांवर.

पण निधीच्या चौकटीत हे बसवणं अवघड जातं. ऊसतोड दरवर्षी येते, म्हणून ती 'आपत्ती' नाही. राज्याची सीमा ओलांडून कर्नाटकात गेलेलं कुटुंब देशाची सीमा ओलांडत नाही, म्हणून ते 'निर्वासित' नाही. १९५१ च्या निर्वासित कराराच्या व्याख्येला त्याचं कारण आहे, ती व्याख्या छळातून पळालेल्यांना संरक्षण द्यायला केली होती आणि ती सैल करा असं मी म्हणत नाही. पण मुलाच्या शिकण्याच्या दृष्टीने बघितलं तर दरवर्षी सहा महिने तुटणारी शाळा हे संकटच आहे. दरवर्षी येतं म्हणून ते कमी होत नाही, उलट साठत जातं.

मागे जाणं परवडतं का?

सरांचं म्हणणं मी अगदी उडवून लावत नाही. मागे जाणं खर्चिक आहेच. जेआरएफ मिळालेल्या विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला महिना ३७,००० रुपये मिळतात, पण आकस्मिक खर्चासाठी पहिली दोन वर्षं वर्षाला १२,००० रुपये. त्यात झेरॉक्सपासून प्रवासापर्यंत सगळं. फेलोशिप संशोधकाला जगवते, संशोधनाला नाही. १२,००० रुपयांत कुणी टोळ्यांच्या मागे फिरू शकत नाही.

पण सगळ्यांच्या मागे जायची गरजच नसते, आणि ही युक्ती शिकून घ्या. केनियात १९९८ मध्ये सुरू झालेल्या जंतनाशक गोळ्यांच्या अभ्यासातल्या मुलांना संशोधकांनी पुढे अनेक वर्षं शोधलं. पद्धत दोन टप्प्यांची होती. आधी सगळ्यांना नेहमीच्या प्रयत्नांनी शोधायचं. जे सापडले नाहीत, त्यांच्यातून यादृच्छिक पद्धतीने साधारण चौथा हिस्सा निवडायचा आणि त्या थोड्या लोकांना मात्र कुठेही गेले असले तरी शोधून काढायचं. विश्लेषणात त्यांना जास्त वजन द्यायचं, कारण ते न सापडलेल्या सगळ्यांच्या वतीने बोलतात.

आपल्या उदाहरणात १२ मुलं गेली. त्यांच्याबद्दल काहीच माहिती नसेल तर प्रामाणिकपणे एवढंच सांगता येतं : सगळ्यांना शून्य मिळालं असतं तर वर्गाची सरासरी ८.४, सगळ्यांना पैकीच्या पैकी मिळाले असते तर १४.४. एवढ्या मोठ्या पट्ट्यात काहीही सिद्ध करता येतं. आता १२ पैकी ४ जणांची नावं चिठ्ठीने काढा आणि फडावर जाऊन चाचणी घ्या. समजा त्यांची सरासरी ५ आली. मग वर्गाचा अंदाज ९.९ येतो. म्हणजे १०.२ वरून वर्ग थोडा घसरला. चार मुलांवरून नेमका आकडा कुणी सांगणार नाही, पण 'वाढ' होती तिथं घसरण दिसली. हे फक्त चार मुलांच्या प्रवासखर्चात.

प्रपोजल लिहिणाऱ्यांसाठी

१. पहिली चाचणी स्थलांतराच्या आधी घ्या, आणि त्याच दिवशी विचारा : कुठल्या टोळीबरोबर जाणार, कोणता कारखाना, गावात मागे कोण राहतं, कुणाचा फोन लागतो. दिवाळीनंतर विचारायला कुणी नसतं.

२. किती मुलं सुटली हा आकडा सारांशातच लिहा, शेवटच्या परिशिष्टात नको. कोणती सुटली हेही लिहा. आधीच्या चाचणीतले त्यांचे गुण तुमच्याकडे असतातच.

३. मागोव्याचा खर्च वेगळ्या ओळीत दाखवा आणि त्याशिवाय निष्कर्षाचा पट्टा किती रुंद राहील, ते आकड्यांत द्या. 'प्रवास – ४०,०००' ही ओळ कुणीही कापतं. 'हा खर्च नसेल तर उत्तर ८.४ आणि १४.४ यांच्या मधे कुठेही असेल' हे कापायला धीर लागतो.

४. संमती मुकादमाकडून घेऊ नका. फडावर तोच भेटतो, तोच 'घ्या की' म्हणतो. पण आई-बाप त्याचे देणेकरी आहेत. त्याच्यासमोर दिलेला होकार हा होकार नव्हे. गावातच, निघण्याआधी, पालकांशी बोला. मूलही नाही म्हणू शकतं हे लक्षात ठेवा.

५. चाचणी घेऊन निघून येऊ नका. जवळची शाळा कोणती, तिथं प्रवेशाला काय लागतं, हे पालकांना सांगण्याइतका वेळ तुमच्या वेळापत्रकात असू द्या. यामुळे तुमचा अभ्यास थोडा 'बिघडेल'. तसं नोंदवा.

निधी देणाऱ्यांनाही एवढंच म्हणणं आहे. अर्जात 'किती मुलांपर्यंत पोचणार' हा रकाना असतोच. त्याच्या शेजारी 'जी सुटतील त्यांच्यापर्यंत कसे जाणार' हा रकाना टाका, आणि त्याला पैसे द्या. बाकी सुधारणा नंतर.

ज्युनिअरने प्रवासखर्चाची ओळ परत टाकली आहे, खाली चिठ्ठीने निवडायच्या मुलांचा हिशेबही जोडलाय. मुलाखत अजून व्हायची आहे. समितीने ती ओळ कापली तर काय करशील, असं मी विचारलं. म्हणाली, "मग विषय लहान करीन दादा. एकच गाव घेईन. पण त्या गावातलं एकही पोर गाळणार नाही."